निकष कोणाचा? : कोसबाडची परंपरा, बालवाडीतील वर्गीकरण आणि आरंभिक गणित

बीजशब्द : पूर्वप्राथमिक शिक्षण, वर्गीकरण, गणनपूर्व अनुभव, कोसबाड, अंगणवाडी, पालघर जिल्हा

प्रास्ताविक

पूर्वप्राथमिक शिक्षणावरील मराठी लेखनात वर्गीकरणाच्या कृतीला एक ठरावीक जागा मिळालेली आहे. ‘गणनपूर्व तयारी’ अशा मथळ्याखाली जोड्या लावणे, क्रम लावणे, गट करणे असे तीन-चार उपक्रम सांगितले जातात, त्यांसाठी लागणाऱ्या साहित्याची यादी दिली जाते आणि लेखन अंकओळखीकडे वळते. मुलाने लाल मणी एका वाटीत व पिवळे मणी दुसऱ्या वाटीत टाकले म्हणजे वर्गीकरण झाले, असे गृहीत धरले जाते. या कृतीतून नेमके कोणते गणित घडते, आणि केव्हा घडत नाही, हा प्रश्न मात्र अपवादानेच विचारला गेला आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न पालघर जिल्ह्याच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न आहे. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या डहाणू तालुक्यात बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ग्रामीण व आदिवासी बालशिक्षणाचा जो प्रयोग केला, त्याचे ऋण आजची प्रत्येक अंगणवाडी निदान नावापुरते तरी वागवते. या प्रयोगाचा गौरव पुष्कळ झाला. त्याच्या गणितविषयक अंगाची चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. आणि जो गौरव झाला त्यानेच या अंगाचा एक महत्त्वाचा भाग झाकला गेला आहे, असे माझे मत आहे.

धोरणातील वर्गीकरण

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरला. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात गणिताच्या ध्येयाखाली जी पहिलीच क्षमता नोंदवली आहे ती वर्गीकरणाची आहे : मूल वस्तूंचे एकापेक्षा अधिक गुणधर्मांच्या आधारे गट व उपगट करते, असा तिचा आशय आहे. वर्गीकरणाला गणिताच्या दाराशी उभे केले, ‘उपगट’ हा शब्द वापरला आणि एकाच गुणधर्मावर समाधान मानले नाही, या तिन्ही गोष्टी स्वागतार्ह होत. परंतु क्षमतेच्या या वाक्यात एक जागा रिकामी आहे. गुणधर्म कोणी निवडायचा? शिक्षिकेने ‘रंगाप्रमाणे लाव’ म्हटले आणि मुलाने तसे लावले, तर क्षमता सिद्ध झाली असे मानायचे काय?

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात बालवाटिकेसाठी थोडक्यात जी लक्ष्ये सांगितली आहेत, त्यांत गणिताच्या बाजूने दोन गोष्टी येतात : दहापर्यंतचे अंक ओळखणे व वाचणे, आणि संख्या, वस्तू, आकार किंवा घटना क्रमाने लावणे. क्रम आहे, अंक आहेत, गट नाहीत. शाळेच्या भिंतीवर लक्ष्यांचाच तक्ता लागतो आणि तपासणीला येणारा अधिकारी तोच तक्ता पाहतो, हे आपण सर्व जाणतो. एका दस्तऐवजाने पहिले स्थान दिलेली क्षमता दुसऱ्या दस्तऐवजाच्या संक्षेपात गळते, याचा व्यवहारातील परिणाम सांगण्याची आवश्यकता नाही.

‘असर’च्या २०१९ मधील ‘अर्ली इयर्स’ पाहणीत २४ राज्यांतील २६ जिल्ह्यांमध्ये चार ते आठ वर्षांच्या मुलांना वर्गीकरण, क्रम, आकृतिबंध अशा बोधात्मक कृती दिल्या गेल्या. ज्या मुलांना या कृती जमतात त्यांना आरंभिक भाषा व गणितही अधिक जमते, असा तिचा एक मुख्य निष्कर्ष होता. हा निष्कर्ष महत्त्वाचा असला तरी तो सहसंबंधाचा आहे. वर्गीकरण करवून घेतल्यामुळे गणित सुधारते, असे त्यावरून म्हणता येत नाही. मात्र प्रशिक्षण वर्गांत तो तसा सांगितला जाण्याचा संभव असतो, आणि मग वर्गीकरण हे ‘करवून घेण्याचे’ आणखी एक काम होऊन बसते.

गणित मुलाला कोठे अडवते याविषयी महाराष्ट्रात जो मोठा जाहीर वाद झाला तो जून २०१९ मधला : इयत्ता दुसरीच्या बालभारतीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची जोडपद्धत आली तेव्हाचा. ‘एकवीस’ की ‘वीस एक’ यावर विधिमंडळापासून वृत्तपत्रांपर्यंत चर्चा झाली. वीस हा दहादहाचा गट आहे आणि एक त्या गटाबाहेरचा आहे, ही समज मुलाच्या मनात कोठून यावी, हा त्याआधीचा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही.

रोम, भावनगर, कोसबाड

मारिया मॉण्टेसरी यांनी जानेवारी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांमागे एक काटेकोर तत्त्व आहे : एका साधनात एकच गुण बदलावा, बाकीचे सर्व स्थिर राहावेत. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे रंगाने, आकाराने, लाकडाने सारखे असतात; फक्त आकारमान बदलते. रंगपाट्यांमध्ये फक्त रंग बदलतो. यामुळे चूक साधनच दाखवून देते आणि शिक्षिकेला बोलावे लागत नाही. या योजनेची किंमतही आहे. गुण अगोदरच वेगळा काढून दिलेला असल्यामुळे निकष शोधण्याचे काम मुलाकडे उरत नाही. ते साधन घडवणाऱ्याने आधीच उरकलेले असते.

भावनगरला १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी सुरू केलेल्या बालमंदिरात ही पद्धत भारतीय वळण घेऊ लागली. ताराबाई तेथे गिजुभाईंच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, आणि पुढे दादरच्या शिशुविहारात ताराबाईंनी शहरी मध्यमवर्गीय बालकांसाठी काम केले. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई त्याच सुमारास त्यांना येऊन मिळाल्या. मुले केंद्रावर येत नाहीत असे दिसल्यावर वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरवण्यात आली आणि तिला अंगणवाडी हे नाव पडले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला.

हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आता गौरवपर लेखन त्यातून काय उचलते ते पाहू. परदेशी साधने महाग होती, म्हणून ताराबाई-अनुताईंनी बिया, शंख-शिंपले, दगड, पाने, माती अशी परिसरातील साधने वापरली. अल्पखर्चात मॉण्टेसरी पद्धत खेड्यात आणली. पुढच्या प्रशिक्षण-पुस्तिकांत याचेच ‘कमी खर्चाचे, शून्य खर्चाचे शैक्षणिक साहित्य’ असे सूत्र झाले. यात खोटे काही नाही. परंतु ‘स्वस्त मॉण्टेसरी’ हे वर्णन शैक्षणिकदृष्ट्या चुकीचे आहे, कारण बी हा गुलाबी ठोकळ्याचा स्वस्त पर्याय होऊच शकत नाही. चिंचोका आणि वालाचा दाणा यांच्यात रंग वेगळा, आकार वेगळा, वजन वेगळे, स्पर्श वेगळा, उपयोग वेगळा. एकही गुण स्थिर नाही. येथे साधन स्वतःहून चूक दाखवीत नाही, कारण कोणत्या निकषाने चूक, हेच ठरलेले नसते. निकष कोणीतरी सुचवावा लागतो, बोलावा लागतो, बदलावा लागतो.

साधन बदलताना कोसबाडने शिक्षिकेचे कामही बदलले, ते या अर्थाने. मॉण्टेसरीची शिक्षिका मागे सरून पाहते. बिया घेऊन बसलेल्या शिक्षिकेला मुलाने मनाशी कोणता निकष धरला आहे याचा तर्क करावा लागतो आणि तो पडताळून पाहावा लागतो. हे अधिक अवघड काम आहे आणि ते शून्य खर्चाचे मुळीच नाही. त्याला वेळ लागतो, प्रशिक्षण लागते, मुलाची बोली समजावी लागते. कमी खर्चाच्या कौतुकात ही बाजू नजरेआड झाली. आजच्या अंगणवाडीत बियाही येतात आणि प्लॅस्टिकचे तिरंगी मणीही येतात. मण्यांत रंग तेवढा बदलतो, म्हणजे मॉण्टेसरीचे एकगुणी साधन परत आले. तिची श्रेणीबद्ध मांडणी मात्र आली नाही. बियांपुढेही मुलाला एकच आज्ञा मिळते : ‘सारख्या सारख्या वेगळ्या कर.’ सारख्या कशाने, ते सांगायचेही नाही आणि विचारायचेही नाही.

सूप, चाळणी आणि वाटा

या परिसरातील चार वर्षांचे मूल वर्गीकरण पहिल्यांदा अंगणवाडीत पाहते, ही समजूतच दुरुस्त करावयास हवी. घरात धान्य येते तेव्हा त्यावर तीन क्रिया होतात. चाळणे ही क्रिया आकारमानाने वेगळे करते : बारीक खाली जाते, मोठे वर राहते. पाखडणे वजनाने वेगळे करते : कोंडा-फोल सुपाच्या पुढून उडते, भरीव दाणा मागे राहतो. निवडणे डोळ्यांनी होते : रंग, रूप, कीड, खडा. तीन निकष, त्यांसाठी तीन स्वतंत्र क्रियापदे, आणि दोन स्वतंत्र अवजारे. एकाच ढिगावर या तिन्ही क्रिया एकापाठोपाठ होतात, आणि प्रत्येक वेळी ढीग वेगळ्या रेषेवर दुभंगतो. चाळणीतून सुटलेला खडा निवडताना सापडतो. सुपाने न काढलेली माती चाळणी काढते. एकापेक्षा अधिक गुणधर्मांनी वर्गीकरण म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ प्रात्यक्षिक कोणत्याही साहित्यपेटीत मिळणार नाही. मराठी भाषेने हे भेद क्रियापदांतच नोंदवले आहेत. आपल्या पुस्तिका मात्र सर्व क्रियांना सरसकट ‘गट करणे’ म्हणतात.

किनाऱ्यावर गेले तर दुसऱ्या दोन कल्पना दिसतात. सातपाटीला पापलेट वजनाप्रमाणे वेगळे काढतात. घोलवड-बोर्डीकडे चिकू पेटीत भरण्यापूर्वी आकारमानाप्रमाणे वेगळे होतात. हिला प्रतवारी म्हणतात, आणि प्रतवारीतील गटांमध्ये एक चढता-उतरता क्रम असतो. पापलेट आणि बोंबील वेगळे करणे यात असा क्रम नाही. ते निव्वळ वर्गीकरण होय. प्रशिक्षण साहित्यात लहान-मोठ्या वस्तू वेगळ्या करणे आणि फळे-फुले वेगळी करणे या एकाच प्रकारच्या कृती म्हणून शेजारी छापल्या जातात. पहिल्या कृतीतून मूल क्रमाकडे, पुढे मापनाकडे जाते. दुसऱ्या कृतीतून ते समावेशाकडे जाते : पापलेट हा मासा आहे, बोंबीलही मासा आहे, आणि टोपलीतले मासे पापलेटांहून अधिक आहेत.

बाजारात मासळीचे वाटे लावतात तेव्हा तर तिसरीच गोष्ट घडते. वाट्यात वेगवेगळे मासे एकत्र असतात. सारखेपणा असतो तो वाट्यावाट्यांमध्ये, वाट्यातल्या वस्तूंमध्ये नव्हे. हा भागाकाराचा अनुभव आहे. (मासळी विकणाऱ्या बाईच्या डोळ्यांचा अंदाज आपल्या अनेक पदवीधरांच्या अंदाजापेक्षा खात्रीचा असतो, हे जाता जाता नोंदवायला हरकत नसावी.) निवडणे, प्रतवारी आणि वाटा या तीन वेगळ्या गणिती क्रिया आहेत, आणि तिन्ही या परिसरातील मुलाच्या डोळ्यांसमोर होतात. त्यांतील भेद ज्या शिक्षिकेला स्पष्ट आहे तीच कोणता अनुभव कोठे वळवायचा हे ठरवू शकेल.

सतरा बियांचा ढीग

वर्गीकरणातून संख्येकडे जाणारा रस्ता प्रत्यक्ष कसा असतो, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, पाच वर्षांच्या मुलापुढे पाच चिंचोके, चिकूच्या तीन बिया, वालाचे चार दाणे आणि फणसाच्या दोन आठळ्या ठेवल्या. एकूण चौदा. मुलाने चिंचोके व चिकूच्या बिया एकीकडे आणि वाल व आठळ्या दुसरीकडे लावल्या : आठ आणि सहा. शिक्षिका मनात म्हणते, गडद व फिकट; रंगाप्रमाणे वर्गीकरण जमले. पण मुलाच्या मनात ‘टाकून देतात त्या’ आणि ‘शिजवून खातात त्या’ असा भेद असेल तर? या ढिगात रंग आणि उपयोग एकाच रेषेवर आले आहेत. गट पाहून निकष ओळखता येत नाही. येथे बरोबरची खूण करणाऱ्या शिक्षिकेला मुलाविषयी काहीच कळलेले नसते.

आता ढिगात तुरीचे तीन लालसर दाणे टाकावेत. ढीग सतरांचा झाला. तूर रंगाने गडदांत जाते, उपयोगाने खाण्याच्या गटात. मूल तूर कोठे ठेवते त्यावरून त्याचा निकष उघड होतो : अकरा आणि सहा झाले तर रंग, नऊ आणि आठ झाले तर उपयोग. ‘चिंचोके भाजून आम्ही खातो’ असे मूल म्हणाले तर खाण्याच्या बिया चौदा होतील आणि चिकूच्या तेवढ्या तीन उरतील. तेव्हा शिक्षिकेने आपला हिशेब बदलावा, मुलाचा बदलू नये. साहित्याची खरी रचना ही अशी असते. बिया देशी आहेत की मणी परदेशी, यापेक्षा त्या ढिगात निकष एकमेकांपासून सुटतात की नाही, हे अधिक निर्णायक आहे.

याच ढिगातून पुढचे गणित निघते. सगळ्या फिकट बिया खाण्याच्या आहेत. पण सगळ्या खाण्याच्या बिया फिकट नाहीत, कारण तूर आहे. ‘सगळ्या’, ‘काही’, ‘एकही नाही’ या शब्दांचा हा पहिला तार्किक उपयोग होय. नवात सहा फिकट आणि तीन गडद : सहा अधिक तीन, नऊ वजा सहा या दोन्ही क्रिया त्या एका मांडणीत बसलेल्या आहेत, आणि वजाबाकी म्हणजे ‘उचलून नेणे’ एवढीच नाही, हे मुलाला चिन्हांशिवाय कळू शकते. आणखी एक गंमत : ‘फिकट पण न खाण्याची’ ही जागा रिकामी आहे. अशी बी शोधून आण, असे सांगितले तर मूल लिंबाची बी आणील. रिकामा गटसुद्धा गट असतो, ही कल्पना आपण महाविद्यालयात संचसिद्धान्ताच्या पहिल्या तासाला सांगतो.

झोल्टान डीनेश यांचे तर्कठोकळे या ठिकाणी आठवतात. सामान्यतः ४८ ठोकळ्यांच्या त्या संचात चार आकार, तीन रंग, दोन आकारमाने आणि दोन जाड्या यांची प्रत्येक जोड हजर असते. एकही जागा रिकामी नसते. तार्किक पूर्णतेच्या दृष्टीने तो संच सुंदर आहे. निसर्गातल्या ढिगात जागा रिकाम्या असतात, आणि त्या का रिकाम्या आहेत हा प्रश्न तेथेच उभा राहतो.

बियांविषयी एक सूचना येथेच करणे भाग आहे, कारण ‘परिसरातील कोणत्याही बिया’ असे पुस्तिकांत बिनदिक्कत लिहिलेले असते. गुंजा दिसायला मोहक असल्या तरी चावल्या गेल्यास अत्यंत विषारी असतात. एरंड आणि धोतऱ्याचे बीही विषारी आहे. चिकूच्या बीला टोकाशी आकडी असते व ती गिळली गेल्यास घशात अडकू शकते. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती कोणतीच लहान बी देऊ नये, आणि मोठ्यांच्या हाती देताना शिक्षिकेने उठून जाऊ नये.

शहाणा आणि मूर्ख

मुलाचा निकष वेगळा असला तर त्याला चूक म्हणायचे की नाही, हा प्रश्न मानसशास्त्रातही वादाचा ठरला आहे. ज्याँ पियाजे यांनी आलिना शेमिन्स्का यांच्यासह १९४१ मध्ये संख्याकल्पनेवरचा ग्रंथ आणि बार्बेल इनहेल्डर यांच्यासह १९५९ मध्ये वर्गीकरण व क्रमावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लाकडी मण्यांचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे : बहुतेक मणी तपकिरी, दोनच पांढरे, तपकिरी मणी जास्त की लाकडी मणी जास्त? सात-आठ वर्षांपूर्वीची बहुतेक मुले ‘तपकिरी’ म्हणतात. यावरून लहान मुलाला भाग आणि पूर्ण यांचा एकाच वेळी विचार करता येत नाही, असा निष्कर्ष काढला गेला. मार्गारेट डोनाल्डसन यांच्या १९७८ मधील ‘चिल्ड्रन्स माइंड्स’ या पुस्तकात जेम्स मॅकगॅरिगल यांचा एक प्रयोग दिला आहे. चार खेळण्यातल्या गाई, तीन काळ्या, एक पांढरी. सगळ्या आडव्या ठेवून ‘झोपल्या आहेत’ असे सांगितले. सरासरी सहा वर्षांच्या मुलांना ‘काळ्या गाई जास्त की गाई जास्त?’ असे विचारले तेव्हा २५ टक्के उत्तरे बरोबर आली. ‘काळ्या गाई जास्त की झोपलेल्या गाई जास्त?’ असे विचारले तेव्हा ४८ टक्के. गाई त्याच, संख्या त्याच. एका विशेषणाने पूर्ण गटाला नाव मिळाले आणि मुलाला तो दिसू लागला. मराठीत प्रश्न विचारतानाही हे तंतोतंत लागू पडावे. ‘बिया जास्त की गडद बिया जास्त?’ यापेक्षा ‘ताटातल्या सगळ्या बिया जास्त की त्यांतल्या गडद?’ हा प्रश्न न्याय्य आहे.

अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून वेगळे काय ते काढायला सांगितले. शाळेत न गेलेली माणसे ओंडका वेगळा काढायला तयार होत नसत. ओंडक्यावाचून कुऱ्हाडीचे काय काम? लुरियांनी याला परिस्थितिबद्ध विचार म्हटले आणि शालेय वर्गीकरणाच्या खालच्या पायरीवर ठेवले. पुढे लायबेरियातील क्पेले शेतकऱ्यांबाबत जोसेफ ग्लिक यांनी जे नोंदवले त्याने या पायऱ्यांचाच पाया हलतो. तेथील माणसे सुरीबरोबर संत्रे ठेवीत, कारण सुरीने संत्रे कापतात. शहाणा माणूस असेच लावील, असे ती सांगत. अखेर ‘मूर्ख माणूस कसे लावील?’ असे विचारल्यावर अवजारे एकीकडे, अन्न एकीकडे अशी शालेय मांडणी क्षणात झाली. जमत नव्हते असे नाही. ते करण्यात शहाणपण दिसत नव्हते.

वारली पाड्यावरचे मूल कोयत्याजवळ गवताचा भारा ठेवते तेव्हा ते याच शहाणपणाने वागते. तक्त्यावर मात्र ‘अवजारे’ आणि ‘वनस्पती’ असे दोन चौकोन असतात. ‘पाळीव’ आणि ‘जंगली’ प्राण्यांच्या चित्रांचेही तसेच : ज्या घरात शेतातला खेकडा आणि रानातले पाखरू जेवणात येते, तेथे प्राण्यांची पहिली विभागणी वेगळ्या रेषेवर झालेली असणार. शालेय निकष शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. तो शिकवलाच पाहिजे, कारण पुढचे विज्ञान त्यावर उभे आहे. परंतु तो मुलाच्या निकषाशेजारी दुसरा निकष म्हणून यावा. पहिल्याला फुली मारून आला तर चार वर्षांचे मूल एवढेच शिकते, की येथे आपली कारणे चालत नाहीत. पुढे तिसरी-चौथीत हेच मूल उत्तर सांगण्यापूर्वी गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहू लागते, आणि आपण त्याला गणिताची भीती म्हणतो.

आजची अंगणवाडी

या सर्व अपेक्षा ज्या सेविकेकडून करायच्या तिच्याकडे पूरक आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणाचा समन्वय, गृहभेटी आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकरवरील नोंदी अशी कामे आहेत. पूर्वप्राथमिक शिक्षणाला दिवसाचा जो वेळ उरतो त्यात पंचवीस मुलांचे निकष ऐकणे अवघड आहे, हे मान्यच करावे लागेल. शिवाय जव्हार-मोखाडा-विक्रमगडच्या बाजूची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. अभ्यासक्रम महिन्यांनी आखलेला असतो. या मुलांच्या वाट्याला त्यातले मधले महिनेच येत नाहीत. केंद्राने २०२४ मध्ये अंगणवाड्यांसाठी आणलेल्या ‘आधारशिला’ या अभ्यासक्रमात खेळाधारित कृतींना महत्त्व दिले आहे; परंतु कोणताही अभ्यासक्रम आठवड्यांच्या कोष्टकात उतरला की ‘या आठवड्यात रंगाप्रमाणे, पुढच्या आठवड्यात आकाराप्रमाणे’ अशी विभागणी होते, आणि एकाच ढिगावर निकष बदलण्याची संधी नेमकी तेथेच हरवते. ज्या दिवशी रंग, त्याच दिवशी, त्याच ढिगावर, पाच मिनिटांनी उपयोग : अशी जोडणी कोष्टकात बसवणे कठीण नाही, त्यासाठी वेगळा निधीही लागत नाही.

बोईसर-तारापूर पट्ट्यात प्रश्नाला आणखी एक घडी पडते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढत गेली, आणि बोईसर, पाम व आसपासच्या गावांत देशाच्या नाना भागांतील कामगार कुटुंबे आली. एकाच खोलीत वारली, मांगेली, गुजराती, भोजपुरी, उडिया घरांतली मुले बसण्याचा संभव येथे मोठा आहे. वर्गीकरण ही अशा खोलीत भाषेवाचून सुरू करता येण्याजोगी गणिताची कृती आहे, हात बोलतात. मात्र कारण विचारायचे तर भाषा हवी, आणि सेविकेला प्रत्येक बोली येणे शक्य नाही. तुरीच्या दाण्याचा उपयोग अशा वेळी अधिकच होतो. मूल तूर कोठे ठेवते हे पाहिले की अर्धे उत्तर न बोलता मिळते. मग सेविकेने एक गट मोडून दुसऱ्या निकषाने स्वतः लावून दाखवावा आणि मुलाकडे पाहावे. दुसऱ्या मुलाला ‘हिने कसे लावले, ओळख’ असे म्हणावे. दुसऱ्याचा निकष ओळखणे ही स्वतः गट करण्यापेक्षा वरची पायरी आहे, आणि तिला दोघांची भाषा एक असण्याची अट नाही.

मूल्यमापनाच्या नोंदवहीत आज या कृतीसाठी ‘जमते’, ‘मदतीने जमते’, ‘जमत नाही’ अशा धर्तीचे रकाने असतात. त्यांऐवजी एकच रकाना ठेवून त्यात मुलाने धरलेला निकष आणि तो बदलला की नाही एवढे लिहिले, तर ‘तूर वालात ठेवली, म्हणाली, आमटीची, मग रंगाने लावली’ अशी एक ओळ पुरते. पंचवीस मुलांच्या अशा ओळी लिहायला एक आठवडा लागेल. अध्यापक विद्यालयांच्या व महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या अंगणवाडीत बसवून हे काम करवून घेता येईल, आणि त्या नोंदी मुलांच्या मूळ शब्दांत, वारलीत असतील तर वारलीत, तशाच ठेवाव्यात.